वेपथू, कंपन आणि प्रतिरोध : संगणकीय खेळातील स्पर्शाचा विचार

१

भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आली आहे, तिच्यात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे एक ‘क्रीडनीयक’ मागतात. क्रीडनीयक म्हणजे खेळणे. हे खेळणे डोळ्यांना दिसावे आणि कानांना ऐकू यावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. ह्या मागणीतून नाट्यवेद निर्माण झाला, आणि पुढे काव्याचे दृश्य व श्रव्य असे जे दोन प्रकार शास्त्रकारांनी मानले, त्यांचे मूळही येथेच आहे. पाश्चात्त्य विचारातही हेगेलने कलेतील इंद्रियगोचर अंश केवळ दृष्टी व श्रवण ह्या दोन इंद्रियांपुरता मानला आणि गंध, रुची व स्पर्श ह्यांना कलेच्या प्रांताबाहेर ठेवले. भारतीय परंपरेची गंमत अशी की, तिने रुचीला माध्यम म्हणून नाकारले, तरी सिद्धांताचे नाव मात्र तिच्याकडूनच घेतले. ‘रस’ हा शब्द जिभेचा आहे. स्पर्शाच्या वाट्याला तेवढाही मान आला नाही.

गेल्या तीन दशकांत ह्या जुन्या व्यवस्थेला एका अनपेक्षित दिशेने आव्हान मिळाले आहे. संगणकावर अगर दूरचित्रवाणीला जोडलेल्या यंत्रावर खेळण्यासाठी दोन्ही हातांत धरावयाचा जो गेमपॅड, तो आता केवळ आज्ञा पोहोचविणारे साधन उरलेला नाही. पडद्यावर स्फोट झाला, मोटार कठड्याला घासली, घोडा दौडू लागला की तो हातात थरथरतो. ह्या सोयीला बाजारात ‘फोर्स फीडबॅक’ असे नाव आहे. देवांनी न मागितलेले तिसरे द्वार अशा रीतीने क्रीडनीयकाला फुटले आहे. ह्या द्वारातून काही अर्थ आत येतो की केवळ गडबड, हा प्रश्न समीक्षेचा आहे. तो यंत्रविक्रेत्यांवर सोपवून भागणार नाही.

मराठवाड्यात ह्या प्रश्नाला दोन विशेष कारणे आहेत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी भरताचे नाट्यशास्त्र व रसविचार ह्यांची जी चिकित्सा केली, तीमुळे जुन्या संज्ञा नव्या अनुभवावर घासून पाहण्याची सवय ह्या भागातील अभ्यासकांना आहे. दुसरे कारण अधिक कठोर आहे. लातूर जिल्ह्याला ‘हादरा’ ह्या शब्दाचा अर्थ कोणत्याही खेळातून शिकावा लागलेला नाही.

२

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. ‘फोर्स फीडबॅक’ ह्या एका नावाखाली दोन भिन्न गोष्टी चालतात. एक म्हणजे कंपन आणि दुसरी म्हणजे प्रतिरोध. कंपनात साधन हातात थरथरते. हाताच्या हालचालीला ते अडवीत नाही. प्रतिरोधात साधन हाताला उलट ढकलते, ओढते किंवा अडविते. सेगा कंपनीच्या १९७६ मधील ‘मोटो-क्रॉस’ ह्या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात टक्कर होताच दुचाकीची मूठ थरथरे. तो कंपनाचा एक आरंभीचा नमुना. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने काढलेली ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ ही जॉयस्टिक मात्र मोटरींच्या साह्याने हाताला खरोखरच विरोध करी. त्याच वर्षी निंटेंडोने ‘रंबल पॅक’ आणि सोनीने ‘ड्युअलशॉक’ बाजारात आणले. ती दोन्ही कंपनाची साधने होती. किमतीने स्वस्त आणि आकाराने लहान असल्यामुळे कंपनच सर्वत्र पसरले आणि प्रतिरोधाचे नाव त्याने सहज उचलले. सामान्य गेमपॅडला ‘फोर्स फीडबॅक’ म्हणणे म्हणूनच काटेकोरपणे चुकीचे आहे. त्यात बल नाही, थरथर आहे.

ही थरथर निर्माण कशी होते, हेही समीक्षकाने जाणून घेतले पाहिजे. वीणेची रचना न पाहता वीणावादनाची चर्चा करता येत नाही. गेमपॅडच्या दोन मुठींत दोन लहान मोटरी असतात. प्रत्येकीच्या आसावर एका बाजूला कललेले वजन बसविलेले असते. मोटर फिरली की तोल नसल्यामुळे सारी मूठ हलते. डावीकडील वजन जड, म्हणून तेथील कंप मंद व घोगरा; उजवीकडील हलके, म्हणून तेथील कंप जलद व बारीक. डावीकडे डग्गा आणि उजवीकडे तबला अशीच ही मांडणी आहे. विंडोजच्या ‘एक्सइनपुट’ नावाच्या व्यवस्थेत खेळ लिहिणारा ह्या दोन मोटरींना ० ते ६५५३५ ह्यांमधील एकेक संख्या कळवितो. स्पर्शाची सगळी भाषा ह्या दोन संख्यांत बसवावी लागते. जुन्या पद्धतीचा स्वस्त गेमपॅड असेल आणि खेळाला केवळ ही नवी व्यवस्था कळत असेल, तर मोटरी असूनही त्या मुक्या राहतात. महाविद्यालयाच्या वसतिगृहात एखाद्याच्या हातातील गेमपॅड थरथरतो आणि शेजाऱ्याचा थरथरत नाही, तरी दोघेही तोच खेळ पुरा करतात, हे दृश्य त्यामुळे संभवते. ह्या दृश्यातच समीक्षेचा पहिला धडा दडलेला आहे. जे काढून घेतले असता कृतीचे काहीच बिघडत नाही, ते तिच्या शरीराचा भाग नव्हे. तो अलंकारही क्वचितच असतो.

इतिहासाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावरही करून दाखविला आहे. स्पर्शतंत्राची एकस्वे बाळगणाऱ्या इमर्शन ह्या कंपनीने २००२ साली सोनी व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्यावर दावा लावला. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली. सोनीने लढा चालू ठेवला. २००६ साली प्लेस्टेशन ३ बाजारात आले, तेव्हा त्याच्या गेमपॅडमध्ये कंपनाची सोय नव्हती. २००७ साली उभयतांत समेट झाला आणि ड्युअलशॉक ३ च्या रूपाने कंपन परत आले. मधल्या काळात त्या यंत्रासाठी निघालेले खेळ थरथरीवाचून खेळले गेले. थरथर अपरिहार्य असती, तर ते खेळ अपुरे ठरले असते. बहुतेक खेळ तसे ठरले नाहीत, ह्याचा दोष स्पर्शाकडे जात नाही. स्पर्शाला काम न देणाऱ्या रचनाकारांकडे जातो.

३

कंपनाला काम देणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी भरताकडेच परत जाणे उपयोगी ठरते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव त्याने सांगितले आहेत. त्यांतील वेपथू म्हणजे कंप. थंडी, भय, हर्ष, क्रोध, जरा आणि स्पर्श अशी त्याची कारणे दिलेली आहेत. ह्या भावांना ‘सात्त्विक’ म्हणावयाचे कारण असे की, ते एकाग्र मनावाचून उत्पन्न होत नाहीत. नटाला रडण्याचे सोंग आणता येईल. पण खरा कंप आतून यावा लागतो. वेपथू हा आतल्या भावाचा बाहेर उमटलेला परिणाम आहे. तो भावाचे कारण नव्हे.

गेमपॅडमध्ये ही दिशा नेमकी उलटते. कंप नटाच्या अंगी नाही, पात्राच्या अंगीही नाही; तो प्रेक्षकाच्या तळहातात आणून ठेवलेला आहे. आधी मन भ्याले आणि म्हणून हात कापला, असे येथे होत नाही. आधी हात कापविला जातो आणि त्यावरून मनाने भ्यावे, अशी अपेक्षा केली जाते. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर सामान्य रचनाकार उद्दीपन विभावालाच अनुभाव समजून बसतो. थरथर ही फार तर भीतीला पोषक परिस्थिती होऊ शकते. भीती झाल्याचा तो पुरावा नव्हे. युद्धाच्या असंख्य खेळांत प्रत्येक गोळीबरोबर, प्रत्येक स्फोटाबरोबर आणि प्रत्येक उडीबरोबर गेमपॅड हलतो, आणि अर्ध्या तासाने खेळाडूला त्याची जाणीवही उरत नाही, ह्याचे कारण हेच.

ह्या चुकीपासून दूर राहिलेली दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल’ (१९९९) ह्या भयप्रधान खेळात नायकाची प्रकृती दर्शविणारी पट्टी पडद्यावर सतत दिसत नाही. तो जखमी होत गेला की गेमपॅड हृदयाच्या ठोक्याप्रमाणे हलू लागतो. येथे स्पर्श एखादी दिसलेली गोष्ट पुन्हा सांगत नाही. डोळ्यांपासून लपविलेली गोष्ट तो एकटा सांगतो. शिवाय जे धडधडते ते खेळाडूचे हृदय असल्याचा दावा नाही. ते दुसऱ्याचे आहे आणि खेळाडूच्या हाती सोपविलेले आहे. दुसऱ्याचे हृदय तळहातावर धरण्यात जी काळजी असते, ती भयापेक्षा वेगळी आणि अधिक सूक्ष्म आहे.

दुसरे उदाहरण त्याच कंपनीच्या ‘मेटल गिअर सॉलिड’ (१९९८) ह्या खेळातील. सायको मँटिस नावाचा प्रतिनायक खेळाडूला गेमपॅड जमिनीवर ठेवावयास सांगतो आणि आपल्या मनःशक्तीने तो हलवून दाखविण्याची बढाई मारतो. गेमपॅड जमिनीवर खरोखर सरकू लागतो. त्याच खेळात पुढे एक छळाचा प्रसंग आहे. त्यात खेळाडूला एक बटण अतिशय वेगाने दाबीत राहावे लागते आणि त्याचा स्वतःचा हात दुखू लागतो. नंतर एक स्त्रीपात्र त्याला गेमपॅड दंडावर टेकवावयास सांगते आणि मोटरी मंदपणे फिरवून त्याचा शीण घालविते. पहिला प्रसंग विनोदाकडे झुकतो, दुसरा शुश्रूषेकडे. दोन्ही ठिकाणी मोटर तीच आणि थरथरही जवळजवळ तशीच. अर्थ मात्र पूर्णपणे भिन्न. दुसऱ्या प्रसंगातील सुख खरे वाटते, कारण त्याआधीचे श्रम खरे होते. कंपनाचा अर्थ कंपनात नसून हाताने त्यापूर्वी काय केले ह्यात असतो, एवढा सिद्धांत ह्या उदाहरणांवरून मांडता येतो.

४

हाच मुद्दा लयीच्या अंगाने अधिक स्पष्ट होतो. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांच्या विवेचनावर पुढे कितीही आक्षेप घेतले गेले असले, तरी संवेदनांच्या परस्परसंबंधांतून सौंदर्य उभे राहते, सुट्या संवेदनेतून नव्हे, हा त्यांतील गाभा टिकून आहे. गेमपॅडची थरथर बहुधा सुटी संवेदना असते. तिच्या आधी शांतता राखलेली नसते आणि नंतर विराम नसतो. त्वचेचा धर्मही येथे आडवा येतो. दर सेकंदाला सुमारे २५० कंपनांच्या आसपास बोटांची संवेदनक्षमता तीव्र असते. परंतु एकसारखे कंपन चालू राहिले की त्वचा बधिर होते. सतत वाजणारा डग्गा जसा ऐकू येईनासा होतो, तसेच हे आहे.

जुन्या मोटरींची आणखी एक मर्यादा आहे. त्यांत कंपाचा जोर व त्याचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. जोर वाढविला की वेगही वाढतो. ‘मंद पण खोल’ किंवा ‘जलद पण हळुवार’ असे त्यांना बोलता येत नाही. वजन फिरावयास लागण्यास आणि थांबण्यास वेळ लागत असल्यामुळे तुटक, नेमका आघातही साधत नाही. निंटेंडोच्या ‘स्विच’ (२०१७) आणि सोनीच्या ‘ड्युअलसेन्स’ (२०२०) ह्या साधनांत वेगळ्या जातीचे कंपक आले, तेव्हा ही गाठ बरीच सैल झाली. ड्युअलसेन्सबरोबर आलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ ह्या लहानशा खेळात वाळू, बर्फ, धातू आणि पाऊस ह्यांचे वेगवेगळे स्पर्श तळहाताला ओळखू येतात. हे नवे कौशल्य कौतुकास्पद आहे. पण कौतुक करताना एक सावधगिरी हवी. वस्तूचा हुबेहूब स्पर्श घडविणे हे अनुकरण झाले. त्यातून अर्थ निघतोच असे नाही. घोड्याच्या टापांचा आवाज तोंडाने काढणारा नकलाकार आणि त्याच टापांनी विरहाची वार्ता आणणारा कवी, ह्यांत जे अंतर आहे तेच येथे आहे.

५

ह्याहून मोठी शक्यता प्रतिरोधात आहे, आणि ती ओळखण्यासाठी परदेशी यंत्रांकडे पाहण्याची गरज नाही. मराठवाड्यातील घराघरांत काही दशकांपूर्वीपर्यंत प्रतिरोधाचे एक परिपूर्ण साधन होते. ते म्हणजे जाते. खालची तळी स्थिर, वरची पाळू फिरती, आणि हातात लाकडी खुंटा. वैरण घातली की पाळू जड होते, दाणा फुटत गेला की हलकी होते. ज्वारी आणि हरभरा ह्यांतील फरक दळणारीला डोळ्यांनी पाहावा लागत नाही. खुंटा तो सांगतो. जाते टाकीला आले असेल, तर तेही हातालाच आधी कळते. ह्या प्रतिरोधाशी जुळवून घेताना श्वासाला जी चाल लागली, तिच्यावर जात्यावरची ओवी उभी आहे. मराठीतील एक समृद्ध लोककाव्यप्रकार हातातील विरोधातून घडला, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने नोंदविली गेलेली नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील लाखावर ओव्या संकलित झाल्या. त्यांचे शब्द आज वाचता येतात, चाली ऐकता येतात. खुंट्याचा जोर मात्र संकलनात उतरत नाही. कारण तो दृश्यही नाही आणि श्रव्यही नाही.

नांगराच्या रुमण्याचे असेच आहे. काळ्या रानात फाळ चालत असता खाली खडा लागला, हरळीची गड्डी आली की कुंद्याची मुळी आली, हे मागे चालणाऱ्या शेतकऱ्याला रुमणे सांगते आणि त्याप्रमाणे तो मूठ दाबतो वा उचलतो. जमीन हाताशी बोलते आणि हात जमिनीला उत्तर देतो. ह्या देवघेवीत केवळ संवेदना नाही. ज्ञान आहे आणि निर्णय आहे. साधारण गेमपॅडच्या थरथरीत हीच गोष्ट नसते. तेथे यंत्र बोलते आणि हात ऐकून घेतो.

ह्या कसोटीवर फुमितो उएदा ह्यांचा ‘इको’ (२००१) हा खेळ वेगळा ठरतो. त्यात एका परक्या, भाषा न समजणाऱ्या मुलीला हात धरून किल्ल्याबाहेर न्यावयाचे असते. खेळाडूने एक बटण दाबून धरले आहे तोवर तिचा हात हातात आहे. बोट उचलले की हात सुटतो. येथील अर्थ मोटरीवर मुळीच अवलंबून नाही. तर्जनीवरील सततचा ताण हाच जिव्हाळ्याचा वाहक झाला आहे. ड्युअलसेन्सच्या खालच्या बाजूच्या कळांना आता बदलता प्रतिरोध देता येतो. धनुष्य ओढताना त्या जड होतात, शस्त्र अडकले की बोट पुढे जात नाही. सर्वसामान्य गेमपॅडमध्ये खऱ्या अर्थाने ‘बल’ येण्याचा आरंभ येथे झाला असे म्हणता येईल. ह्या सोयीतून ‘इको’सारखी एखादी कृती जन्मली, तर स्पर्शाला कलेचे माध्यम म्हणावयास कोणाची हरकत राहणार नाही. आजवर तिचा वापर प्रामुख्याने शस्त्रांची नक्कल करण्यासाठी झालेला आहे.

६

आता त्या दुसऱ्या कारणाकडे वळले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. उन्हाळ्यात गारवा देणारी जाड दगडामातीची भिंत आणि वरचे जड माळवद हीच माणसांच्या अंगावर आली. हजारो लोक मृत्यू पावले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी १९९२ साली किल्लारी भागात लहान धक्के बसले होते. म्हणजे जमिनीने सूचना दिली होती, परंतु तिचा अर्थ लागला नव्हता. नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांनाही हा अनुभव सर्वस्वी परका नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसरात झालेल्या भूकंपाचे धक्के नांदेडमध्ये जाणवले आणि लोक घराबाहेर आले.

अशा प्रदेशात करमणुकीसाठी हातात हादरा घेणे ह्याचा अर्थ काय? नीतीचा प्रश्न म्हणून ह्याचे उत्तर झटपट देता येईल आणि ते उथळ ठरेल. रसशास्त्राचा प्रश्न म्हणून तो अधिक फलदायी आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांत देशकालविशेषाचा आवेश आणि निजसुखादिविवशीभाव ह्यांचा समावेश आहे. पाहणारा आपल्याच जागेत, आपल्याच काळात आणि आपल्याच सुखदुःखात गुरफटला, की साधारणीकरण थांबते आणि रसप्रतीती होत नाही. दृश्य आणि श्रव्य ह्यांना येथे एक सोय आहे. रंगमंच दूर आहे. डोळा आणि वस्तू ह्यांच्यामध्ये जागा आहे. स्पर्शाला ही जागा नाही. कंप लागतो तो स्वतःच्याच त्वचेला, ह्याच क्षणी आणि येथेच. स्पर्श हे स्वभावतःच सर्वांत ‘निज’ इंद्रिय आहे. म्हणून स्पर्शमाध्यमात रसविघ्न अपवादाने येत नाही; ते दारातच उभे असते.

किल्लारीच्या ढिगाऱ्यातून वाचलेल्या माणसाच्या हातात थरथरता गेमपॅड दिला, तर त्याला खेळ दिसणार नाही, ती पहाट दिसेल. त्याच्या नातवाचे तसे नाही. आज पदव्युत्तर वर्गात बसणारे बहुतेक विद्यार्थी १९९३ नंतर जन्मले आहेत. त्यांना भूकंप कथेतून मिळाला आहे. आजीच्या तोंडून, गावाच्या जुन्या आणि नव्या अशा दोन नकाशांतून. त्यांच्या बाबतीत साधारणीकरणाचे निम्मे काम काळाने केलेले आहे. तेव्हा थरथर वर्ज्य करावी, असा निष्कर्ष ह्यातून निघत नाही. निघतो तो असा की, जो रचनाकार थरथरीला अर्थ देणार नाही, त्याची थरथर एकाच्या हातात आघात होईल आणि दुसऱ्याच्या हातात पोकळ राहील. रस दोघांच्याही वाट्याला येणार नाही.

भूकंपाच्या देशात घडलेल्या एका खेळाने ह्या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न केला आहे. जपानमधील आयरेम ह्या कंपनीचा ‘झेत्ताई झेत्सुमेई तोशी’ (२००२), इंग्रजी आवृत्तीत ‘डिझॅस्टर रिपोर्ट’, हा खेळ भूकंपाने कोसळणाऱ्या शहरातून बाहेर पडण्याचा आहे. धक्का आला की खेळाडूने हालचाल थांबवून खाली बसून तोल सावरावा लागतो. धावत राहिला तर तो पडतो. येथे हादरा हे रोमांचाचे निमित्त न राहता एक प्रश्न होतो आणि हाताला त्याचे उत्तर द्यावे लागते. किल्लारीत १९९२ साली जे घडू शकले नाही, म्हणजे धक्क्याचा अर्थ वाचणे, त्याचाच अभ्यास हा खेळ घडवितो. ह्या मालिकेचा चौथा भाग २०११ च्या वसंतात यावयाचा होता. त्या मार्चमध्ये ईशान्य जपानात महाभूकंप व त्सुनामी झाली आणि तो मागे घेण्यात आला. पुढे दुसऱ्या संस्थेने तो २०१८ साली प्रसिद्ध केला. अभिनवगुप्ताच्या देशकालविघ्नाचे ह्याहून बोलके आधुनिक उदाहरण सापडणे कठीण. कृती तीच होती. जमीन बदलली, आणि आस्वाद अशक्य झाला. काही वर्षांनी तो पुन्हा शक्य झाला.

७

ह्या विवेचनातून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, स्पर्शाने असे काही सांगावे की जे डोळे व कान ह्यांनी सांगितलेले नाही. दुसरी, तो हाताच्या कृतीचे उत्तर असावा किंवा हाताकडे उत्तर मागणारा असावा. केवळ घोषणा नसावा. तिसरी, त्याच्याभोवती इतकी शांतता असावी की तो वेगळा ओळखू यावा. ‘सायलेंट हिल’मधील ठोका पहिल्या कसोटीला उतरतो, ‘मेटल गिअर सॉलिड’मधील शुश्रूषा दुसरीला, तिसरीला उतरणारे खेळ फार थोडे आहेत.

महाराष्ट्रात घडलेल्या खेळांचा विचार करता पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) नजरेसमोर येतो. राक्षसांनी पळविलेल्या गोलू ह्या भावाला शोधणाऱ्या राजीची ही कथा विष्णू आणि दुर्गा ह्यांच्या निवेदनातून उलगडते. भिंतीवरील चित्रे आणि छायाबाहुल्यांचा उपयोग तीत देखणा झाला आहे. त्याची वाखाणणी झाली ती चित्र, शिल्प आणि निवेदन ह्यांसाठी, म्हणजे पुन्हा दृश्य आणि श्रव्य ह्यांसाठीच. देवांनी मागितलेल्या क्रीडनीयकाची मर्यादा त्याने निष्ठेने पाळली. भारतीय कथावस्तू खेळात आणता येते, हे ह्या कृतीने सिद्ध केले. जात्याचा खुंटा आणि नांगराचे रुमणे ज्या हातांना ठाऊक होते, त्यांचे स्पर्शज्ञान खेळात आणण्याचे काम मात्र अद्याप कोणी हाती घेतलेले नाही.

समीक्षेला त्यासाठी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तिच्यापाशी शब्द आहेत. बैलगाडीचे चाक खळग्यात गेले म्हणजे ‘गचका’ बसतो. दावे ताणलेल्या वासराने दिला तर ‘हिसका’. जमिनीचा ‘हादरा’, छातीची ‘धडधड’, तापातील ‘हुडहुडी’, पायाला ‘ठेच’, प्रवाहाची ‘ओढ’, दोराचा ‘ताण’. मराठवाड्याच्या बोलीत प्रत्येक स्पर्शाला वेगळे नाव आहे. प्रत्येकात कोण हलविते, कोण हलते आणि त्याचा प्रतिकार होतो की नाही, हे आपोआप सांगितलेले असते. खेळाच्या मांडणीत मात्र ह्या सर्वांसाठी एकच ओळ असते : कंपन चालू अगर बंद. हिसका आणि गचका ह्यांतील भेद ज्या भाषेला कळतो, तिच्या अभ्यासकांनी ह्या ओळीवर समाधान मानू नये. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकरी, दळणाऱ्या वृद्ध स्त्रिया, वादक आणि भूकंपातून वाचलेली माणसे ह्यांच्या तोंडची स्पर्शवाचक शब्दसंपदा गोळा करणे, हे ह्या दिशेने करावयाचे पहिले काम आहे. ते हाती आल्यावर गेमपॅडच्या थरथरीचे मोजमाप करण्यास योग्य ती फूटपट्टी मिळेल. दळणाऱ्या स्त्रियांची पिढी झपाट्याने विरळ होत आहे. म्हणून हे काम लवकर झाले पाहिजे.